गेणभाऊंचा वाफा

सातगाव पठारावर बटाट्याचं बेणं दरसाल ट्रकनं बाहेरून येतं. गेणभाऊंच्या शेतातही तेच लागे. फक्त विहिरीजवळच्या एका वाफ्यात ते स्वतःचं बेणं लावत. एका साली करपा रोगानं सगळं शिवार काळं पडलं, तेव्हा बटाट्याच्या फुलामागं धरणाऱ्या बोंडातलं बी गळून आपसूक उगवलेलं एक रोप बांधाकडेला हिरवंगार उभं होतं. त्याचे बटाटे त्यांनी जपले आणि दरवर्षी त्याच वाफ्यात लावले.

शेजारचा कुशाबा जाता-येता टोमणा मारी, "गेणभाऊ, या लेकराचं बारसं कधी? पेढं तरी चारा राव!"

"खात्री पटू दे. उगं लोकास्नी फसवायचं नाय," गेणभाऊ म्हणत. खात्रीपायी त्यांनी कुणाला मूठभर बेणंही दिलं नाही.

दर काढणीला टोपली माळ्यावर ठेवताना ते सुनेला, मंगलला बजावत, "हे खायचं नाय, पोरी." पण घेवड्याच्या बियाण्याबद्दलही ते असंच म्हणत, लसणाबद्दलही.

गेल्या वर्षी श्रावणात बटाट्यावर संशोधन करणारा ऋषी आला आणि वाफ्यातली पानं तपासणीला घेऊन गेला. "काढणीनंतर बेणं न्यायला मीच येतो," बांधावर तो गेणभाऊंना म्हणाला. त्या रात्री गेणभाऊ पोटभर जेवले.

दिवाळी झाली आणि ते झोपेतच गेले.

तेराव्याला शिनोलीकडचे पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले. भाजी पुरेना. मंगलचा नवरा बाळासाहेब मंचरला जायला टेम्पो काढू लागला, तेव्हा मंगलच म्हणाली, "कशाला जाता? माळ्यावर मामांची टोपली हाय. आता ते लावणार कोण?"

पंगतीत कुशाबानं दोनदा भाजी मागून घेतली. "लई चवीचा बटाटा, सूनबाई."

पौषात ऋषी आला. गेणभाऊ गेल्याचं कळलं तसा ओट्यावर खाली बसला. मग म्हणाला, "ताई, मामांचं खरं होतं. करप्याला दाद न देणाऱ्या गुणाची खूण त्या पानात सापडली. बेणं कुठाय?"

मंगलनं सांगितलं.

"त्याची बोंडं वाळवून ठेवलीत मामांनी," ती घाईनं म्हणाली. "त्यातनं बी काढू."

"लावून बघू. पण बटाट्यात निसर्गानंच प्रत्येक गुणाच्या चार प्रती ठेवल्यात. बीमध्ये त्यातल्या दोनच उतरतात, कुठल्या ते सांगता येत नाही. प्रत्येक रोप वेगळं निघेल. तोच बटाटा हवा तर बटाट्याचाच डोळा लावावा लागतो."

"आन् तुमी नेलेलं पान?"

"नळीत त्याचा अर्क आहे. त्यावरून ओळख पटते, रोप होत नाही." एकाएकी तो उठला. "सालं! सालीला डोळे असतात. कुठं टाकलीत?"

मंगल उकिरड्याकडे निघालीही. चार पावलांवर थांबली.

"उकडून सोललं व्हतं, भाऊ."

बाळासाहेबानं वाफ्याकडे पाहिलं. तिथं गहू होता. मंगलनं खुरपं घेतलं आणि राहिलेला एखादा बटाटा शोधत दिवस मावळेपर्यंत गव्हाच्या ओळी उकरल्या. एक मिळाला. हातात धरताच त्याचं पाणी झालं.

बोंडातलं बी तिनं यंदा त्याच वाफ्यात टाकलं. रोपं चांगली तरारली. श्रावणात करपा आला, तशी ती रोज पहाटे जाऊन पानं उलटून बघू लागली. एकेक करून सगळी काळी पडली.

"खायचं नाय," असं आता ती काहीच जपून ठेवताना म्हणत नाही. नुसती टोपली कडीकुलपात ठेवते.