उचकी कुणाच्या नावानं थांबली

उचकी लागली की आमच्या घरी आधी नावं, मग पाणी. कुणीतरी आपली आठवण काढतंय, त्या माणसाचं नाव घेतलं की उचकी थांबते, असं आई मानायची. मला एकेक नाव घ्यायला लावायची: मामा, मावशी, आत्या. वडिलांपाशी आली की ती स्वतः नुसतं "हे" म्हणायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार? एकदा मी "बाबा" म्हणताच उचकी थांबली आणि दारात बाबा हजर, हातात मोसंब्यांची पिशवी. भाऊ म्हणतो, त्या दिवशी बाबा घरातच झोपलेले होते. असतील. मला मोसंब्यांचा वास आठवतो, त्याला मी काय करू?

लग्न होऊन अंबडला आले, तरी माझी ही सवय सुटली नाही. नवरा चिडवतो, "पाणी पी गुपचूप." पाणी पितेच मी, आणि आईचं नाव सगळ्यात शेवटी घेते. तोवर कुणाचीही उचकी थांबेल. एवढं मला कळत नाही असं थोडंच आहे? पण थांबली की दिवसभर बरं वाटतं. म्हणजे तिकडं माहेरी, परतूरला, आईनं माझी आठवण काढली.

अलीकडे आई माणसं विसरायला लागली, तशी मला उचकीची भीतीच वाटायला लागली. आईचं नाव घेतलं आणि थांबलीच नाही तर?

परवा परतूरला गेले. आई ओसरीवर उन्हात बसली होती. माझ्याकडं बघून हसली, पण ओळखीचं नाही.

"कोण्या गावची बाई तू?"

"अंबडची."

"अंबडला माझी लेक दिली हाय. लई दिवस झाले, आली न्हाई."

मी तिच्या पायाशी बसले. पिवळं, सुस्त ऊन होतं, लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. क्षणभर मलाही वाटलं, मी इथं नाहीच, अंबडच्या घरात भाजी निवडतेय.

तेवढ्यात आईला उचकी लागली. मी पाणी पुढं केलं, ते तिनं बाजूला सारलं आणि नावं घ्यायला लागली. मामाचं. मावशीचं. मग वडिलांचं. हो, चक्क नाव. ते घ्यायचं नसतं हेही ती विसरली होती. उचकी चालूच.

मग तिनं माझं नाव घेतलं. उचकी थांबली.

"बघ," ती मला कौतुकानं सांगायला लागली, "तिकडं लेक आठवण काढून राह्यली माझी."

"बराबर हाय, माय," मी म्हणाले. "लई आठवण काढून राह्यली."