शेवटचा दरवाजा

आम्ही गेमवेडे हौसेनं एक मासिक चालवतो. नियम एकच: गेम संपवल्याशिवाय परीक्षण लिहायचं नाही. एका महिन्यात ओव्हरटाइमनं माझा पिट्ट्या पडला होता आणि परीक्षणाला घेतलेल्या गेमच्या शेवटच्या लेव्हलचा दरवाजा काही केल्या उघडेना. म्हटलं, जाऊ दे राव, कोण विचारतंय! लिहून टाकलं, ‘शेवट झकास जमलाय.’

अंक निघाला. निगडीहून चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये मला मेल आला, तो गेम एकटीनं बनवणाऱ्या मुलीचा. ‘सर, माझ्या चुकीमुळे शेवटचा दरवाजा कुणालाच उघडता येत नाही. तुम्ही कसा उघडलात?’

उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तेवढ्यात कंपनीचं गेट आलं. आत जाऊन मला दिवसभर पार्ट तपासून ‘ओके’चे शिक्के मारायचे होते.