चंद्राआड गेलेला तारा
गच्चीवर डांबर ओतायला लागले की त्या वासाने मला ऐंशीच्या दशकातली मुलुंडची एक संध्याकाळ आठवते. नुकतंच डांबर घातलेल्या एका गच्चीवर आमचं आकाशनिरीक्षण मंडळ जमलं होतं. चंद्र कृत्तिकेतल्या एका ताऱ्याला झाकणार होता. दुर्बिणीवर माझी मैत्रीण होती, तिचं पहिलंच निरीक्षण. तिने 'गेला' म्हटलं की आम्ही स्टॉपवॉच थांबवायची, असं ठरलं होतं. पण दुर्बिणीत कधी न डोकावणारे आमचे मंडळप्रमुख कागदावर गणिताने काढलेली वेळ होताच ओरडले, "गेला! दाबा!" "सर, अजून दिसतोय ना!" "गणितापेक्षा तुझा डोळा शहाणा का गं? चष्मा बदल!" आम्ही खिदळलो आणि बटणं दाबली. काही क्षणांनी ती हळूच म्हणाली, "आत्ता गेला." कुणी वळूनही पाहिलं नाही. त्या पोकळ माणसाची मला अजून किळस येते. पण तो नुसता ओरडला होता, घड्याळं आमच्याच अंगठ्यांनी थांबवली.