प्रफुल्लच्या नावाचा पास

अंबडच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळायचं म्हणजे शिव्या खायचीच नोकरी. सगळं सुरळीत असलं तर तू दिवसभर करतोस काय, आणि बंद पडलं तर तू केलंस काय! प्रफुल्ल पगारेने ती वर्षानुवर्षं इमानाने केली.

त्याच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर चालायचं. सकाळी पासवर्ड टाकला की ते ब्राउझरला एक कुकी द्यायचं, गेटवरच्या पाससारखी. पुढे पासवर्ड कोणी विचारत नसे. पास ज्याच्या हाती तो प्रफुल्ल. हा पास उघडाच तारेतून फिरायचा आणि लॉगआउट केल्याशिवाय मरायचा नाही. प्रफुल्लने हे दोनदा देवरेसाहेबांच्या कानावर घातलं. "आपल्या भिंतीच्या आत चोर कुठून येणार?" म्हणत साहेबांनी विषय झटकला. तेव्हापासून तो न चुकता लॉगआउट करूनच खुर्ची सोडायचा.

खंडेनवमीला मात्र चुकलं. तो सामान आणायला स्टोअरमध्ये गेला, तेवढ्यात साहेबांनी त्याच्या कॉम्प्युटरची पूजा उरकली. कीबोर्डवर हळदकुंकू, पडद्याला झेंडूची माळ. प्रफुल्लने माउसकडे हात नेला तोच साहेब ओरडले, "अरे, पूजा झालीये! आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

सगळे बघत होते. त्या घोळक्यात बौद्ध तो एकटाच. पूजा मोडल्याचा ठपका नको, म्हणून त्याने मुकाट्याने हात मागे घेतला.

दसऱ्याला तो बायकोला, रोहिणीला घेऊन लेण्यांवर गेला होता. तेव्हाच कोणीतरी तो पास चोरून भट्टीचं नेटवर्क तोडलं. आतला सगळा माल करपला. नोंदीत नाव एकच, प्रफुल्लचं.

"साहेब, तुम्हीच लॉगआउट करू दिलं नाही."

"म्हणजे आता पूजेवर ढकलतोस? तुम्हा लोकांना आमचं काही चांगलं दिसतच नाही."

शेजारच्या टेबलावरच्या संतोषने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो खाली मान घालून बसून राहिला. प्रफुल्लला साहेबांपेक्षा त्याचीच चीड जास्त आली.

नोकरी गेली. जिथे अर्ज करावा तिथे बदनामी आधीच पोचलेली. आता प्रफुल्ल सोसायट्यांमध्ये कॅमेऱ्यांच्या वायरी ओढतो.

यंदाच्या खंडेनवमीला संतोषने शुभेच्छांचा फोटो पाठवला. कुठल्या तोंडाने, कोण जाणे! प्रफुल्लने तो मोठा करून पाहिला. तेच टेबल, तसाच झेंडू. माळेखाली पडदा चालू होता आणि वरच्या कोपऱ्यात नाव होतं, प्रफुल्ल पगारे. त्याचा पासवर्ड रद्द केला होता, गेटवर त्याला मज्जाव केला होता. पास मारायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

"अहो, कळवा की त्यांना," रोहिणी घाबरून म्हणाली. "उद्या पुन्हा काही झालं तर नाव तुमचंच येईल."

"दोनदा कळवलं होतं," प्रफुल्ल म्हणाला आणि शिडी उचलून कामावर निघाला.