मानाचा पाट

फार गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग येतो. मेहकरात घरासाठी आम्ही ज्यांच्याकडे पैसे मागायला गेलो, ते गृहस्थ तर नुसती साखरपेरणी करायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे यजमान शाळामास्तर. घरमालकानं खोली सोडायला सांगितलेली, आणि माझ्या पाटल्या मोडून घेतलेली जागा गावाच्या कडेला रिकामी पडलेली. ती गहाण ठेवली की गृहस्थ बांधकामापुरते पैसे देणार होते. जागा गेली असती तर माझ्याकडे मोडायला दुसरं काही नव्हतं.

त्यांच्या ओसरीवर चहा आला. मी सरळ विचारलं, "व्याज किती घेता?"

माझ्याकडे न बघता ते यजमानांना म्हणाले, "मास्तर, बाई लय हुशार हाये तुमची. पयले भिंती तं उभ्या करा. व्याजाचं पाहून घेऊ."

"अन् मधातच सारे पैसे वापस केले तं?"

"घरचंच समजा," ते हसून म्हणाले, आणि माझा कप पुन्हा भरायला सांगितला. दोन प्रश्न विचारले, दोन कप चहा मिळाला.

परत येताना यजमान चिडले. "तुले साऱ्याइचाच संशय. ज्यानं ज्यानं त्यायच्या पैशानं घर बांधलं, त्यानं वास्तुशांतीले त्यायले बोलावलं, मानाच्या पाटावर बसवलं. लबाड मानसाले कोनी असं बसवते काय?"

तो मानाचा पाट मला खुपत राहिला. संक्रांतीचे दिवस होते. हळदीकुंकवाच्या निमित्तानं मी त्यांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या घरांतून फिरले. घरं चांगली होती. प्रत्येकीनं सांगितलं, हो, पाटाभोवती रांगोळी काढली होती, आहेरही केला होता. पण एकीच्याही बोलण्यात कौतुक नव्हतं. कोणीतरी पढवून ठेवल्यासारख्या बोलत होत्या. शेवटचं घर शिंप्याचं. त्याच्या बायकोला मी विचारलं, "अन् कर्ज फिटल्यावर? मंग कधी जेवाले बोलावलं का त्यायले?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवत हळूच म्हणाली, "फिटलं कोनाचं, माय?"

मी ते घरी येऊन सांगितलं, तसा यजमानांनीही कर्जाचा नाद सोडला. नाही म्हणून सांगायला एकट्याचा धीर होईना, तेव्हा मीही सोबत गेले. गृहस्थ जराही रागावले नाहीत. "हरकत नाई. घर तं कधी ना कधी होईनच तुमचं. वास्तुशांतीले बोलावजा."

पुढची काही वर्षं आम्ही गोठ्याला लागून असलेल्या एका खोलीत काढली. यजमानांनी शिकवण्या केल्या, मी शिवणकाम केलं, आणि शेवटी आमच्याच जागेवर टिनाच्या दोन खोल्या झाल्या. वास्तुशांतीला मी त्या गृहस्थांना मुद्दाम बोलावलं. मानाचा पाट मांडला नाही. सगळ्यांसारखं पंगतीत बसवलं. मनातून मला फार बरं वाटत होतं.

शिंप्याची बायको मदतीला आली होती; तिच्या घरचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. तूप वाढत वाढत ती त्यांच्या पानाशी पोचली. घर माझं होतं, तूप माझं होतं, तरी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांना न विचारताच दोनदा वाढलं. मला आधी तिचा राग आला. मग आत चुलीशी जाऊन मी रडले.