कुंदाने लॅपटॉप सोडला नाही

कुंदा एकदा नाही म्हणाली की नाहीच. नाशिकला माहेरी याला हेकटपणा म्हणत. जर्मनीत र्युसेल्सहाइमला आल्यावर हा गुण नुसता पडून होता, कारण सात वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. नवरा रुपेश गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, मुलगी इरा शाळेत, आणि नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या इन्व्हर्टर कारखान्यात नऊ वर्षं बिघडलेले बोर्ड दुरुस्त केलेली कुंदा रोज सकाळी दोघांचे डबे भरत होती.

यंदा तिने सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलरच्या कोर्सला नाव घातलं. अट एकच. घरी येणाऱ्या बोर्डावर आपल्या लॅपटॉपवरून प्रोग्रॅम चढवायचा आणि हिरवा दिवा लुकलुकताना व्हिडिओ काढून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचा. नाही जमलं तर जागा वार्टेलिस्टवरच्या, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या, पुढच्या माणसाला. आणि इथे बारा म्हणजे बारा, सव्वाबारा नव्हे.

बोर्ड नेमका दसऱ्याच्या दिवशी आला. अंबडला त्या दिवशी सोल्डरिंग गनसुद्धा पुजायचे. कुंदाने लॅपटॉप आणि बोर्ड पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि दिवसभर कशालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कंपायलर बसवला. प्रोग्रॅम एकही चूक न दाखवता तयार झाला. बोर्डावर वीज आल्याचा लाल दिवाही लागला. पण लॅपटॉप म्हणे, बोर्ड जोडलेलाच नाही!

रुपेशने दारातूनच निदान केलं. "सॉफ्टवेअरचाच इश्यू आहे, गेनाऊ, अगदी तोच. सगळं काढ आणि परत टाक."

तिने तीनदा काढलं, तीनदा टाकलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा हेका कायम. रुपेशने खुर्ची ओढली. "आण इकडे, मी करून देतो. व्हिडिओत फक्त दिवा दिसणार, कुणी लावला ते थोडंच कळतंय?"

"लास दोख पापा माखन," इरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. पप्पांना करू दे ना!

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लॅपटॉप मिटून छातीशी धरला. "नाही. गेली तर माझी जागा जाईल. तुमच्या हातून मिळालेली मला नकोय."

"अगं, पण उद्या बारा वाजता..."

"बारा वाजू देत."

शुक्रवारी दोघं गेल्यावर ती एकटीच टेबलाशी बसली. स्वतःचाच राग आला होता. दोन दिवस ती रुपेशच्या डोक्याने चालली होती. कारखान्यातले तिचे मुकादम राजाभाऊ काय सांगायचे? आधी कॉन्टॅक्ट बघायचा, मग अक्कल पाजळायची. वीज पोचते, पण बोलणं पोचत नाही. म्हणजे केबल थोडी बसते, पूर्ण बसत नाही.

तिने केबल काढली आणि बोर्डाच्या खाचेत टॉर्च मारला. आत, अगदी तळाशी, कुंकवाने गुलाबी झालेला तांदळाचा अर्धा दाणा!

तिला हसूही आलं आणि रडूही. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिने तो दाणा अलगद उकरला. केबल कट्कन बसली. लॅपटॉपने बोर्ड ओळखला, प्रोग्रॅम चढला आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. अकरा वीसला व्हिडिओ गेला. पावणेबाराला जागा पक्की झाल्याचं उत्तर आलं.

संध्याकाळी रुपेशने विचारलं, "काय निघालं शेवटी? ड्रायव्हर सॉफ्टवेअरच ना?"

खरं सांगितलं तर हा जन्मभर चिडवणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. "अक्षता. वाहिली मी, अडकवली मी, आणि शोधून काढलीही मीच."

रुपेश हसला. "मग आता पुढच्या दसऱ्याला पूजा बंद?"

"बंद कशाला? खाचेवर टेप लावून करीन," ती म्हणाली. "आणि अहो, सोमवारपासून माझा वर्ग आठला आहे. डबे तुम्ही भरा."