भावानं सोपवलेलं मत

माझा राग नाकावर. भनपुरीत धर्मकाट्यावर ट्रक तोलायची नोकरी, दिवसभर ड्रायव्हर लोकांशी भांडण. मग जीभ गोड कुठून राहणार, बापा? भावाले हे सगळं माहीत होतं. तरी त्यानं आपलं मत माझ्याच हाती दिलं. त्या मताचं मी काय केलं, ते घरात कोणाले सांगितलं नाही.

माझा लहान भाऊ फौजेत आहे, दूर सीमेवर. फौजीले टपालानं मत पाठवता येते, नाही तं गावातल्या कोणाले आपल्या जागी मत टाकायले नेमता येते. मागच्या निवडणुकीत त्याचा लिफाफा मोजणी झाल्यावर पोचला. या वेळी त्यानं साहेबासमोर फॉर्म भरला अन् आपल्या जागी माझं नाव लिहिलं. बाबा रुसले. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, त्यांना वाटे हा मान बापाचा. भाऊ मले फोनवर म्हणाला, "ताई, बाबा स्वतःचंच निशाण दाबतील. तू शब्द देशील तं पाळशील." त्याचं निशाण मले डोळ्यांसमोर नको होतं. तरी मी शब्द दिला.

मतदानाच्या दिवशी चूक माझीच झाली. दोन्ही मतं एकाच शाळेत होती, माझं दोन नंबरच्या खोलीत, त्याचं चार नंबरच्या. एकामागं एक टाकून मोकळं व्हायचं होतं. पण आई होती तेव्हा तो ड्युटीवर निघाला की त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची. मले वाटलं, त्याचं काम आहे, तसंच निघावं. म्हणून आपलं मत टाकून मी घरी आली, दही-साखर खाल्ली अन् त्याच्यासाठी वेगळी निघाली. बोटावर शाई लागलेलीच होती.

बाजूच्या माणसांच्या रांगेत आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, एक पोट्टा उभा होता. भावाचं जे निशाण, त्याच पार्टीचा. लहानपणी याच्या नाकाचा शेंबूड मी पुसलेला. त्यानं माझं बोट पाहिलं अन् मोठ्यानं म्हणाला, "दीदी, दुबारा? बोगस वोट डाल रही हो?"

मी समजावलं, भावाचं मत आहे, हा त्याच्या फॉर्मचा कागद पाहून घे. त्यानं कागद हिसकला अन् फाडला. खोटं कशाले बोलू, पहिला हात माझाच उठला. कानाखाली अशी वाजवली की त्याचा गमछा खाली पडला. मग त्यानं माझं शाईचं बोट धरलं अन् मागं वाकवलं. हाड मोडल्याचा आवाज मले साफ ऐकू आला. केस धरून त्यानं मले पायरीवर आपटलं. ओठ फाटला, समोरचा दात हलला, वरून बरगडीत लाथ बसली. माझ्या दुसऱ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली होती. ती मी त्याच्या कपाळावर हाणली. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं, तो खाली बसला, तरी मी हाणतच राहिली. रांगेतल्या बाया पाहत होत्या. एकीनं माझी चप्पल उचलून बाजूले ठेवली, बस. शेवटी दोन शिपायांनी आम्हाले ओढून वेगळं केलं.

आतल्या साहेबानं यादी काढली. भावाच्या नावापुढं माझं नाव होतं. पहिले दवाखान्यात जा म्हणाला. मी म्हटलं, पहिले मत. दुसऱ्याच्या जागी मत टाकणाऱ्याले शाई मधल्या बोटाले लावतात. त्यानं हात धरला तेव्हा बाजूचं मोडलेलं बोट हललं अन् मी पदर दातात दाबला.

पुठ्ठ्याच्या आडोशाले मी एकटी होती. रक्त हनुवटीवरून टपकून राहिलं होतं. समोर भावाचं निशाण होतं, म्हणजे त्या पोट्ट्याचं. त्याच्या खाली माझं. शब्द आठवत होता मले, आठवत नव्हता असं नाही. पण असा संताप चढला होता की ते निशाणसुद्धा ठेचून काढावं वाटलं. मी खालचं बटन दाबलं. काचेत चिठ्ठी दिसली, माझ्याच निशाणाची, अन् डब्यात पडली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. भावजयीनं त्याले सगळं सांगितलं होतं. सुट्टी घेऊन येतो, त्या पोट्ट्याचे पाय तोडतो म्हणे. मग म्हणाला, "ताई, इतका मार खाऊन तू माझं मत टाकलं. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी कसा राहिलो असतो?"

मी "हव" म्हटलं.

चौथ्या दिवशी तो पोट्टा आपल्या मायसोबत आला, कपाळाले टाके. पोलिसात नाव देऊ नका म्हणून माझ्या पाया पडला. बाबा म्हणाले, याले सोडू नको. मी मात्र त्याले उठवलं, जा म्हटलं, तक्रार नाही करत. माझा स्वभाव माहीत असलेले सगळे थक्क झाले. मोठं मन आहे पोरीचं, म्हणाले बाबा.

कसलं मन? त्यानं बोगस म्हटलं तेव्हा मी बोगस नव्हती. त्याच्यानंतर झाली.